जाळ्याचा धागा आणि शोधाचा हक्क

ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेंत धर्मग्रामाचा वृत्तांत यावा, पूर्वजांचें स्मरण व्हावें, हें योग्यच आहे. परंतु किनाऱ्यावरच्या माणसांचा इतिहास केवळ दगडविटांच्या इमारतींत सांठलेला नसतो. तो त्यांच्या हत्यारांतहि असतो. म्हणून आम्हीं येथें जाळ्याच्या धाग्याचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. आणि त्यांतहि त्याची अशी एक बाजू, जिच्याकडे आपल्या समाजाचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. ही बाजू पेटंटाची होय. नव्या वस्तूच्या शोधकाला सरकार ठराविक मुदतीपुरता असा हक्क देतें कीं, त्याच्या परवानगीवांचून ती वस्तु दुसऱ्या कोणीं करूं नये, विकूं नये वा धंद्यांत वापरूं नये. या हक्कास पेटंट म्हणतात. आपल्या देशांत ही मुदत अर्जाच्या दिवसापासून वीस वर्षांची आहे.

आतां प्रश्न असा उद्भवतो. एखाद्यानें सुताच्या जागीं निराळा धागा घेऊन जाळें विणलें आणि 'हा माझा शोध आहे' असें म्हटलें, तर त्याला हा हक्क मिळावा काय? मिळाला, तर तसें जाळें घेणाऱ्या प्रत्येक कोळ्याच्या खिशांतून वीस वर्षें त्याचा वाटा जाणार. नाकारला, तर ज्यानें खरोखर वर्षानुवर्षें खपून कांहीं नवें काढलें असेल, त्याच्या श्रमांचें चीज होणार नाहीं. दोन्ही बाजूंस न्यायाचाच प्रश्न आहे. याचा निकाल बहुधा एका शब्दावर लागतो. ती गोष्ट त्या धंद्यांतील जाणत्या माणसाला 'उघड' होती काय? उघड असेल तर ती शोध नव्हे. ऐकावयास हें सोपें वाटतें. परंतु या एका शब्दावर न्यायालयांत पावणेदोनशें वर्षें वाद चाललेला आहे.

जुनें जाळें

पवित्र शुभवर्तमानांत जब्दीचे मुलगे तारवांत आपलीं जाळीं नीट करीत असलेले आपणांस भेटतात. गालीलच्या सरोवरावरील तीं जाळीं अळशीच्या तंतूंचीं असत. असा धागा दिवसां माशांच्या नजरेस पडतो. म्हणून रात्रीं जाळीं टाकावयाचीं आणि सकाळीं धुऊन वाळत घालावयाचीं, असा तेथील क्रम होता, असें जाणकार सांगतात. आपल्या किनाऱ्यावर सणाच्या तंतूंचीं आणि कापसाच्या सुताचीं जाळीं होतीं. डोल असो, रापण असो कीं पाग असो, सर्वांचा शत्रु एकच, तो म्हणजे कुजणें. वनस्पतीचा तंतु ओला राहिला कीं सूक्ष्म जंतु त्याला खाऊन टाकितात. म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यांत जाळें बुडवून रंगवीत असत. विलायतेंतील कोळीहि याच कामासाठीं ब्रह्मदेशाहून येणारा काथ वापरीत. जाळें रंगविणें, वाळविणें आणि दुरुस्त करणें यांत कुटुंबाचा किती वेळ जाई, हें आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे.

विणण्याचें काम हातांतून यंत्राकडे जाऊं लागलें तें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं. नक्षीचें रेशीम विणणाऱ्या मागासाठीं प्रसिद्ध असलेला फ्रेंच कारागीर जाकार यानें जाळें विणणाऱ्या यंत्राचाहि प्रयत्न केला होता. आणि स्कॉटलंडांत जेम्स पॅटरसन यानें १८२० च्या सुमारास गांठी मारणारें यंत्र चालू केलें. परंतु धागा तोच राहिला. तो बदलण्यास आणखी शतकाहून अधिक काळ लागला. मध्यंतरीं, द्रव्य बदललें म्हणजे शोध होतो काय, या प्रश्नाचा पहिला मोठा निकाल समुद्रापासून दूर, एका दाराच्या मुठीवर लागून गेला होता. जाळ्यांच्या धाग्याविषयीं कोणताहि वाद समजून घ्यावयाचा तर या मुठीपासूनच आरंभ केला पाहिजे.

दाराची मूठ आणि दांतांची कवळी

अमेरिकेंत १८४१ सालीं हॉचकिस व त्याचे दोन भागीदार यांना दाराच्या मुठीचें पेटंट मिळालें. पूर्वीं मुठी धातूच्या किंवा लांकडाच्या असत. यांनीं ती कुंभाराच्या मातीची वा चिनी मातीची केली. मुठींत दांडा घट्ट बसविण्याची युक्ति जुनीच होती आणि मातीच्या मुठीहि लोकांना ठाऊक होत्या; नवें होतें तें केवळ त्यांचें एकत्र येणें. ओहायो प्रांतांतील ग्रीनवुड नांवाच्या कारखानदारावर दावा झाला आणि तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८५१ सालीं न्यायमूर्ति नेल्सन यांनीं बहुमताचा निकाल लिहिला. त्याचा आशय असा कीं, धंद्यांतील साधारण कारागिराच्या अंगीं जें कसब असतें त्याहून अधिक कांहीं या कामांत दिसत नसेल, तर तें चांगल्या कारागिराचें काम होय, शोधकाचें नव्हे. न्यायमूर्ति वुडबरी यांचें मत निराळें पडलें. वस्तु नवी आहे, पूर्वींपेक्षां स्वस्त आहे आणि अधिक चांगली आहे, एवढें सिद्ध झाल्यावर ती करणाऱ्याच्या बुद्धीचें माप काढण्याचें कारण काय, असा त्यांचा सवाल होता.

सुज्ञ वाचकांनीं या दोन न्यायमूर्तींस विसरूं नये. नेल्सन यांनीं सर्व कारागिरांच्या सामाईक शिदोरीचें रक्षण केलें. वुडबरी यांनीं समाजाला प्रत्यक्ष झालेल्या लाभाकडे पाहिलें. पुढील सर्व वाद या दोन टोंकांमध्यें हेलकावे खात आला आहे.

पंचवीस वर्षांनंतर त्याच न्यायालयापुढें दांतांच्या कवळीचा खटला आला. कवळीचा तळ पूर्वीं सोन्याचा वा इतर धातूंचा करीत. बोस्टन येथील कमिंग्ज नांवाच्या दंतवैद्यानें तो कठीण केलेल्या रबराचा केला आणि १८६४ सालीं पेटंट मिळविलें. येथेंहि एक द्रव्य जाऊन दुसरें आलें एवढेंच झालें, असें प्रतिपक्षाचें म्हणणें होतें. परंतु १८७७ सालीं न्यायालयानें पेटंट उचलून धरलें. रबर मऊ असतांना त्यांत दांत बसवावयाचे व मग तापवून तें कठीण करावयाचें, यामुळें तळ आणि दांत मिळून एकच हलकी, हिरडीवर नीट बसणारी वस्तु तयार होई. धातूच्या तळाला हे गुण नव्हते. अर्थात् द्रव्य बदलल्यानें वस्तूचें स्वरूपच बदललें होतें.

या पेटंटाच्या जोरावर एका कंपनीनें देशभरच्या दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे वसूल केले, आणि जे देईनात त्यांच्यावर दावे लाविले. वसुलीसाठीं फिरणारा कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याला १८७९ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें एका दंतवैद्यानें गोळी घालून ठार केलें. ही हत्या पातकच होतें, यांत संशय नाहीं. परंतु ज्याला धंद्यांतले लोक सामाईक समजतात, त्यावर एकाचा हक्क प्रस्थापित झाला म्हणजे मनें किती कडू होतात, हेंहि त्या गोष्टीवरून दिसतें. म्हणूनच रेषा कोठें ओढावी हा प्रश्न केवळ वकिलांचा राहत नाहीं.

'होणार नाहीं' असें लिहिलेलें

आतां आपल्या धाग्याकडे येऊं. अमेरिकेंतील ड्युपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं २८ फेब्रुवारी १९३५ रोजीं तें द्रव्य तयार झालें, ज्याला पुढें नायलॉन हें नांव मिळालें. १९३८ सालीं त्याची जाहीर घोषणा झाली. प्रथम दांतांच्या ब्रशाचे केस, मग स्त्रियांचे पायमोजे, आणि महायुद्ध सुरू झाल्यावर हवाई छत्र्या, अशा क्रमानें तें जगापुढें आलें. कंपनीनें या द्रव्याभोंवतीं पेटंटांचें भक्कम कुंपण घातलें होतें.

कॅरदर्सचें नायलॉन दोन निरनिराळीं द्रव्यें एकमेकांस सांखळीसारखीं जोडून होतें. कॅप्रोलॅक्टम नांवाचें आणखी एक द्रव्य आहे. त्याचा रेणु मिटलेल्या कडीसारखा असतो. ही कडी उघडून सांखळी करतां येईल काय, हें कॅरदर्स व त्याच्या सहकाऱ्यानें तपासलें होतें, आणि १९३० सालच्या त्यांच्या लेखांत तसें होत नाहीं असें नमूद केलें होतें. एवढ्या मोठ्या अधिकारी पुरुषाचा हा निर्वाळा! साहजिकच कुंपण घालतांना ही वाट मोकळी राहिली.

जर्मनींत आय. जी. फार्बेन या कंपनीच्या बर्लिन येथील कारखान्यांत पॉल श्लाक हा शास्त्रज्ञ काम करीत होता. त्यानें हा निर्वाळा अखेरचा मानला नाहीं. जानेवारी १९३८ च्या अखेरीस त्यानें कॅप्रोलॅक्टममध्यें योग्य असें दुसरें द्रव्य थोडें मिसळून तें बंद नळींत रात्रभर तापविलें. सकाळीं नळींत चिवट, ओढल्यास तार निघणारें द्रव्य तयार झालेलें होतें. यालाच जर्मनींत पेरलॉन म्हणूं लागले. आपण त्याला नायलॉन-६ म्हणतों. श्लाकला त्याचें पेटंट मिळालें, आणि १९३९ सालीं दोन्ही कंपन्यांनीं एकमेकांशीं परवान्याचा करार केला. मासेमारीच्या जाळ्यांत आज जें नायलॉन सर्रास दिसतें, तें बहुतांशीं याच नायलॉन-६ च्या जातीचें आहे.

उघडपणाच्या वादांत या हकीकतीचें महत्त्व मोठें आहे. धंद्यांतील सर्व जाणते 'इकडे वाट नाहीं' असें सांगत असतां जो त्या वाटेनें जाऊन पोहोंचतो, त्याचें काम उघड होतें असें कोण म्हणेल? हेंच तत्त्व पुढें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं अ‍ॅडम्स नांवाच्या शोधकाच्या विद्युत्घटाच्या खटल्यांत मान्य केलें. त्यानेंहि जुन्या द्रव्यांच्या जागीं दुसरीं ठाऊक असलेलीं द्रव्यें घातलीं होतीं; परंतु त्या काळचें ज्ञान जाणत्याला त्या मार्गापासून परावृत्त करणारें होतें, आणि निघालेलें फळ अनपेक्षित होतें. म्हणून पेटंट टिकलें. तत्पूर्वीं १९५२ सालीं उघडपणाची ही कसोटी अमेरिकेच्या कायद्यांत शब्दरूपानें घातली गेली होती.

जपानचा सौदा

जाळ्यांच्या बाबतींत सर्वांत बोधपर प्रसंग जपानांत घडला. तेथील टोयो रेयॉन कंपनीनें युद्धकाळांतच आपल्या प्रयोगशाळेंत नायलॉन-६ तयार केलें होतें. युद्ध संपल्यावर तें मोठ्या प्रमाणावर काढावयाचें, तर ड्युपॉन्टच्या पेटंटांशीं गांठ पडण्याचें भय होतें. आमचा मार्ग निराळा आहे, असें न्यायालयांत भांडून दाखवावें, कीं पैसे देऊन मोकळें व्हावें? कंपनीनें १९५१ सालीं दुसरा मार्ग पत्करला आणि तीस लक्ष डॉलर देण्याचें कबूल केलें. ही रक्कम त्या वेळीं कंपनीच्या सबंध भांडवलाहून अधिक होती. त्या नायलॉनला आरंभीं जीं मोठीं गिऱ्हाइकें मिळालीं, त्यांत मासेमारीच्या जाळ्यांचा धंदा प्रमुख होता. म्हणजे पेटंटाच्या त्या बोजाचा कांहीं अंश अखेर जाळें विकत घेणाऱ्याच्या किंमतींतहि उतरला असला पाहिजे. तरीहि जपानी कोळ्यांनीं नवें जाळें भराभर घेतलें. कारण तें कुजत नसे, हलकें असे, आणि सुताच्या जाळ्याहून कितीतरी अधिक काळ टिके.

आपल्या देशांत १९५२ सालीं झालेल्या कराराअन्वयें केरळच्या किनाऱ्यावर नीण्डकरा येथें भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. त्यानें यांत्रिक होड्यांबरोबर नायलॉनच्या जाळ्यांचाहि पुरस्कार केला. १९५७ सालीं कोचीन येथें मत्स्यतंत्राची केंद्रीय संस्था स्थापन झाली आणि तेथें जाळ्यांच्या धाग्यांची शास्त्रीय परीक्षा होऊं लागली. हळूहळू सालींच्या काढ्याचीं भांडीं आपल्याहि अंगणांतून नाहींशीं झालीं.

गांठीची परीक्षा

येथवर सांगितलेली कसोटी आतां प्रत्यक्ष जाळ्यास लावून पाहूं. नायलॉनचा धागा एकदां बाजारांत आल्यावर 'त्याचें जाळें विणावें' ही कल्पना शोध ठरेल काय? आमच्या मतें ठरणार नाहीं. धागा बळकट आहे, कुजत नाहीं, हें कळल्यावर किनाऱ्यावरच्या कोणाहि तांडेलाला तें सुचलें असतें. ही शुद्ध दाराची मूठ झाली.

परंतु नायलॉनचें जाळें विणूं जातां एक अडचण पुढें आली. सुताचा धागा खरबरीत असल्यानें एकेरी गांठ घट्ट राहते. नायलॉन गुळगुळीत, त्याची गांठ सरकते. गांठ सरकली कीं जाळ्याची आस एके ठिकाणीं मोठी, दुसरीकडे लहान होते, आणि मासा निसटतो. यावर अनेक उपाय निघाले. दुहेरी गांठ मारणें हा एक. हा तर हाताखालच्या पोरासहि सुचेल. त्यावर कोणाचा हक्क असूं नये. जाळें ताणून वाफेच्या उष्णतेनें गांठी बसविणें हा दुसरा. येथें वाद कठीण होतो. जाळेंवाल्याला ही युक्ति ठाऊक नसेल. पण नायलॉनचे पायमोजे करणाऱ्यांस उष्णतेनें त्यांचा आकार कायम करण्याची रीत ठाऊक होतीच. मग 'जाणता' कोणाला धरावें, जाळेंवाल्याला कीं मोजेवाल्याला? न्यायालयें साधारणतः असें मानतात कीं, शेजारच्या ज्या धंद्यास तीच अडचण सोडवावी लागते, त्याचेंहि ज्ञान हिशेबांत घ्यावें. २००७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें याच दिशेनें आणखी पुढें जाऊन सांगितलें कीं, साधारण कारागीर म्हणजे निर्जीव यंत्र नव्हे. त्यालाहि साधारण कल्पकता असते.

उलट बाजूचें उदाहरण पॉलिथिनचें आहे. हें द्रव्य इंग्लंडांत १९३३ पासून ठाऊक होतें. बादल्या आणि पिशव्या ज्याच्या होतात तेंच हें. परंतु हॉलंडमधील डी. एस. एम. कंपनीच्या स्मिथ व लेम्स्ट्रा या दोघा शास्त्रज्ञांनीं १९७९ च्या सुमारास अतिशय लांब रेणूंचें पॉलिथिन द्रावांत विरघळवून, त्याच्या थलथलीत तारा काढून, त्या पुष्कळ पट ताणण्याची रीत काढली. त्यांतून निघालेला तंतु वजनाच्या मानानें पोलादाहून कितीतरी बळकट आहे, आणि आज मोठ्या जाळ्यांत व दोरांत तो वापरला जातो. द्रव्याचें नांव जुनें, पण बादलीकडे पाहून असा तंतु कोणाला सुचला असता? येथें शोधकाचा हक्क मान्य केलाच पाहिजे.

म्हणजे तात्पर्य असें निघतें. केवळ द्रव्य बदललें एवढ्यानें शोध होत नाहीं, आणि द्रव्य जुनें एवढ्यानें शोध नाहींसा होत नाहीं. जाणत्याची वाट जेथें अडली होती, तेथून पुढें कोणीं पाऊल टाकलें काय, हें पाहावयाचें. आणि तें पाहतांना न्यायाधीशानें निकालाच्या दिवसाचा चष्मा काढून ठेवून शोधापूर्वींच्या माणसाच्या डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे. कारण उत्तर कळल्यावर प्रत्येक कोडें सोपें वाटतें.

आपल्या देशाचा कायदा

हिंदुस्थानांत या विषयावरचा मोठा निकाल मिर्झापूरच्या भांड्यांवरून लागला. धातूचीं भांडीं चरकावर धरण्याच्या एका साधनाचें पेटंट १९५१ सालीं घेतलेलें होतें. १९७८ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तें रद्द ठरविलें. जुन्याच साधनांत केलेली ती कारखान्यांतली सुधारणा होती, शोध नव्हता, असा निकालाचा आशय आहे. नेल्सन यांचीच ही परंपरा.

१९७० च्या आपल्या पेटंट कायद्यांत पुढें २००२ व २००५ सालीं ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांतील तीन गोष्टी किनाऱ्यावरच्या लोकांनीं जाणून घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, जाणत्याला उघड असलेली गोष्ट शोध नव्हे, हें कायद्याच्या व्याख्येंतच आहे. दुसरी ही कीं, परंपरागत ज्ञान शोध म्हणून नोंदवितां येत नाहीं. तिसरी सर्वांत महत्त्वाची: पेटंटाचा अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, तें मंजूर होण्यापूर्वीं, कोणीहि मनुष्य त्यास लेखी हरकत घेऊं शकतो. एखाद्या समाजांत तोंडोतोंडीं चालत आलेलें ज्ञान हेंहि अशा हरकतीचें कारण होऊं शकतें. म्हणजे तांडेलाची आठवण कायद्याच्या दृष्टीनें कवडीमोल नाहीं. परंतु ती मांडणारा कोणी पाहिजे, आणि शक्य तर ती लिहून ठेविलेली पाहिजे. कोणत्या ऋतूंत कोणती आस, कोणती गांठ, कोणता रंग आणि त्याचें कारण काय, हें आपल्या वृद्धांच्या तोंडून उतरवून घेण्याचें काम तरुण मंडळानें हातीं घेतलें, तर ज्युबिलीचें तें एक उत्तम स्मारक होईल असें आम्हांस वाटतें.

पुढची पाळी

हा वाद संपलेला नाहीं. नायलॉन कुजत नाहीं, हा जो त्याचा गुण, तोच त्याचा दोष ठरला आहे. समुद्रांत हरवलेलें जाळें वर्षानुवर्षें मासे मारीत राहतें, आणि तें कोणाच्याच पोटांत जात नाहींत. यावर दोन दिशांनीं प्रयत्न चालले आहेत. इटलींतील अ‍ॅक्वाफिल कंपनी २०११ पासून टाकाऊ जाळीं व इतर नायलॉन यांचें पुन्हां कॅप्रोलॅक्टम करून त्याचा नवा धागा काढीत आहे. श्लाकनें जी कडी उघडली, तीच येथें पुन्हां मिटविली जाते. दुसरीकडे, दक्षिण कोरियांत समुद्रांत कालांतरानें विरून जाणाऱ्या धाग्याचीं जाळीं वापरांत आलीं आहेत. असे धागे उद्यां आपल्याहि किनाऱ्यावर येतील, आणि त्यांच्याबरोबर पेटंटेंहि येतील. त्यांतील कांहीं खऱ्या शोधाचीं असतील. त्यांचें मोल आपण आनंदानें द्यावें, कारण काम करणाऱ्याला त्याची मजुरी मिळावी हें आपला धर्मच सांगतो. कांहीं दाराच्या मुठींसारखीं असतील. तेथें आपण गप्प बसूं नये. दुसऱ्याचा हक्क मानणें आणि आपली शिदोरी राखणें, या दोन्ही गोष्टी एकाच न्यायबुद्धीच्या आहेत. ती बुद्धि आपल्या तरुणांस लाभो आणि दर्यावर जाणाऱ्या प्रत्येक होडीस ईश्वराचें संरक्षण मिळो, अशी प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करितों.